रेडेरावांचा फ्लेक्स

माणसांच्याही आधी जनावरांकडे कॉम्प्युटर होते, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याच्या सरपंचपदाला उभ्या राहिलेल्या रेडेरावांचं चित्र काढायचं काम रंगनाथ सरड्याला मिळालं. त्यानं ते कॉम्प्युटरवर सुपारीएवढं काढलं आणि छापखान्यात जाऊन म्हणाला, "साळूबाई, याचा दोन वडांमध्ये बांधता येईल एवढा फ्लेक्स करा."

साळूबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "अरे, यात ठिपके मोजकेच आहेत. एवढं ताणलं तर एकेक ठिपका विटेएवढा होईल. मोठ्या मापात पुन्हा काढ."

"छापा हो! मतदान उद्यावर आलंय."

सकाळी फ्लेक्स लागला. रेडेराव बघतच राहिले. "रंग्या, ही गोवऱ्यांची रास कुणाची?"

रंगनाथ भीतीनं पिवळा पडला. "तुम्हीच आहात, साहेब. लांबून बघायचं असतं. त्या टेकडीवरून."

रेडेरावांनी आपले सगळे मतदार टेकडीवर पिटाळले. तिथून खरंच एकच गलका झाला, "वा, हुबेहूब आपले रेडेराव!"

कौतुक करत, रमतगमत ते खाली उतरले, तोवर मतदान संपलं होतं. समोरच्या उमेदवार खेकडीबाई तीन मतं मिळवून निवडून आल्या होत्या. त्यांचं चित्र पिंपळपानाएवढंच होतं, पण त्यात त्यांचे दहाही पाय मोजता येत होते.