दोन बोटांची जागा

फार जुनी नाही, पण सायकली अजून बोलत होत्या तेव्हाची गोष्ट. डोंगरवाड्यांवर टपाल वाटणाऱ्या हौसाताईंनी बॅटरीवर चालणारी, मागच्या चाकाला स्प्रिंग असलेली दणकट सायकल घेतली. मागच्या चाकाचा चिखल उडून रोज त्यांच्या पाठीवर नक्षी उमटायची, म्हणून सायकलवाल्या रमजानचाचांनी दुकानातला सगळ्यात रुंद मडगार्ड निवडला.

मडगार्डाचा चाकावर बघताक्षणी जीव जडला. "चाचा, मला याला अगदी चिकटून बसवा हो!"

चाचांनी मात्र मध्ये दोन बोटं धरली आणि तेवढी जागा सोडून स्क्रू आवळला. मडगार्ड रुसला. घाट लागताच अंग सैल सोडून तो हळूच खाली सरकला आणि चाकाला बिलगला.

पुढच्याच खड्ड्यात चाक स्प्रिंगवर उसळलं ते थेट त्याच्यावर आदळलं. मध्ये चिखल दाटला, चाक जाम झालं. ती जड सायकल हौसाताईंनी धापा टाकत दुकानापर्यंत फरफटत आणली.

"माझा श्वासच कोंडला रे," चाक कळवळून म्हणालं.

चिखल खरवडत चाचा मडगार्डाला म्हणाले, "वेड्या, ती जागा रिकामी नव्हती. त्याच्या उडीसाठी राखली होती." त्यांनी पुन्हा दोन बोटं धरली.

दुसऱ्या दिवशी हौसाताई टपाल वाटून परतल्या, तेव्हा त्यांची पाठ कोरी करकरीत होती. मडगार्ड मात्र आतून चिखलानं लिंपला होता.

"एवढं सगळं अंगावर घेतलंस?" चाकानं विचारलं.

"ते जाऊ दे," मडगार्ड म्हणाला. "मनसोक्त उड्या मारल्यास ना?"