पिएत्रास्पिनाची वाइन आणि ड्यूकची जीभ

इटलीतल्या पांढऱ्या वाइनबद्दल माझ्याइतकं अधिकारानं बोलणारा माणूस अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही. चाखलेली नाही, ती गोष्ट वेगळी. शिवाय तालुक्यात हा विषय दुसरं कुणी काढतच नाही. पांढरी म्हणतात ती असते पिवळी, एवढं कळलं की बाकीचं नाक वर करून सांगता येतं.

तर पिएत्रास्पिना या टेकडीवरच्या गावाचा नियम होता. द्राक्षं टेकडीच्या शिवेतली आणि वाइन टेकडीवरच केलेली, तरच तिला गावाचं नाव. खाली सपाटीवर ड्यूक उबाल्दोचे मळे. त्याची वाइन अशी, की नुसत्या वासानं घोडे शिंकायचे. तिला गावाचं नाव द्या म्हणून तो हटून बसला. गाव नाही म्हणालं.

ड्यूकनं गावकऱ्यांना महालात बोलावलं. "सगळं शिवेतलंच हवं ना? मग तुमच्या पिंपांचं लाकूड बाहेरचं. बाटल्या बाहेरच्या. बुचंसुद्धा बाहेरची. बाहेरच्या कशाचाही स्पर्श न झालेली वाइन यंदाच्या तोडणीनंतर माझ्यापुढे ठेवा. नाहीतर माझ्या वाइनला तुमचं नाव."

दरबारच्या चाखणाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांचं कामच ते. घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, थुंकायचं, आणि मालकाला आवडेल ते बोलायचं.

गावातले जाणते कपाळाला हात लावून बसले. मळेकरी नेव्हिओची मुलगी ओर्सोला म्हणाली, "बसा तसेच. टेकडीला खडक आहे, तेवढं मला पुरे."

तोडणी झाली. तिनं खडकातल्या कुंडात द्राक्षं तुडवली, तिथंच आंबवली, वाळक्या भोपळ्यात वाइन भरली, वर वेलीच्याच लाकडाचा दट्ट्या ठोकला आणि महाल गाठला. जोडे बाहेरगावचे, म्हणून अनवाणी.

"कुंड?" ड्यूकनं विचारलं.

"टेकडीचं."

"भोपळा?"

"आमच्या उकिरड्यावरचा. पहिल्यांदाच महालात आलाय, सांभाळून घ्या."

"आण, चव बघू."

ओर्सोलानं भोपळा मागे घेतला. "सरकार, आपला जन्म कुठला?"

"आजोळचा. समुद्राकाठचा. का?"

"मग जीभ बाहेरची. लागली की वाइन बाटली."

"या चाखणाऱ्यांना दे."

"हे तर चार मुलखांतून गोळा केलेले. वर थुंकतात."

"अगं, मग ही वाइन आहे की पाणी, ठरवणार कोण?"

"शिवेतलं माणूस," असं म्हणून तिनं भोपळा तोंडाला लावला, मजेत चार घोट घेतले आणि बाहीला तोंड पुसलं. "वाइनच आहे."

चाखणारे ड्यूककडे बघत राहिले, हसायचं की रागवायचं ते कळेना. ड्यूक पोट धरून हसायला लागला, तेव्हा तेही हसले.

"जिंकलात. नाव तुमचंच. आणि टेकडीच्या उतारावरचं माझं रान आजपासून तुझ्या बापाचं. पण पोरी, माझ्या वाइनला आता नाव कुणाचं देऊ?"

"आपलंच द्या की, सरकार. का, आपणही ती चाखलीय?"