फुसफुस थांबली तेव्हा

गाड्यांचे सुटे भाग आपापसांत बोलत, त्या काळातली ही गोष्ट. एका जुन्या जीपच्या नाकासमोर मिरच्यांसोबत एक लिंबू टांगलेलं होतं. घाट चढताना बॉनेटखालून बारीक फुसफुस येऊ लागली, कुणीतरी दात आवळून श्वास सोडावा तशी. दिवे थरथरले. हॉर्नची तर बोबडीच वळली.

"लिंबूराव, काय आहे हो ते?" दिव्यांनी विचारलं.

"मागच्या वळणावरचं काहीतरी पाठी लागलंय," लिंबू म्हणालं. "भिता कशाला? मी आहे ना पुढे!"

सीटखालचा पाना खेकसला, "कसलं पाठी लागलंय! इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पाईपाची पट्टी सैल झालीय. हॉर्ना, बोंबल आणि गाडी थांबव. मी दोन पीळ दिले की झालं."

"त्या गंजक्याचं ऐकता होय?" लिंबू हसलं. हॉर्ननं लिंबाचंच ऐकलं.

दोन वळणांनंतर फुसफुस विरत विरत थांबली. सगळ्यांनी लिंबाचा जयजयकार केला.

"आवाज गेला नाही रे," पाना म्हणाला, "पाणी संपलं."

कुणी लक्ष दिलं नाही. लिंबू ऐटीत डुलत राहिलं. समोरून गार वारा येत होता, तरी त्याची पाठ पोळू लागली. शेजारच्या मिरच्या आक्रसल्या.

"मागे कोण आहे?" त्यानं हळूच विचारलं.

उत्तराला आता फुसफुसही उरली नव्हती.