बकुळाची तीन मजली दुरडी

उंबरओढा गावाच्या अगदी टोकाला, जिथं सकाळी सगळ्यात आधी बांबूची पानं जागी होत, तिथं बकुळा आणि तिची आई राहायच्या. आई बांबूच्या टोपल्या विणायची. तिची बोटं इतकी झरझर चालायची, की बघणाऱ्याला वाटावं, टोपली आपली आपणच उमलते आहे. पण बाजारात लाल, निळ्या, पिवळ्या प्लास्टिकच्या पाट्या आल्या आणि आईच्या टोपल्या घरातच राहू लागल्या. एकीवर एक, एकीवर एक, थेट छताला टेकेपर्यंत.

एके दिवशी आई म्हणाली, "बकू, उन्हाळा लागला की आपण शहरात मामाकडे जाऊ. तिथं कारखान्यात काम आहे."

"आणि माझी शाळा?"

आई खाली मान घालून बांबूची कामटी तासत राहिली.

त्याच आठवड्यात शाळेत दळवीबाईंनी सांगितलं, की पुढच्या आठवड्यात शनिवारी आनंदमेळावा आहे. प्रत्येकानं एक नवी वस्तू घरी करून आणायची आणि विकायला मांडायची. "नवी म्हणजे नुसती वेगळी नव्हे," बाई म्हणाल्या. "ती कुणाच्या तरी कामी आली पाहिजे."

झालं. त्या क्षणापासून बकुळाला चैन पडेना. अशी वस्तू आपल्याला सुचली, तर आई गावातच राहील, असं तिच्या मनानं घेतलं. एक कल्पना आली की तिच्या मागोमाग दुसरी यायची आणि पहिलीला ढकलून द्यायची. जेवताना ती मध्येच उठायची, अंगणात जायची, परत यायची आणि आपण कशाला उठलो होतो तेच विसरायची.

सोमवारी सकाळी ती तशीच उठून बांबूच्या बेटात गेली. पानापानावर दवाचे टपोरे मणी लुकलुकत होते. एका चिरलेल्या बांबूच्या फटीत काहीतरी हिरवं-सोनेरी फडफडताना तिला दिसलं. तो एक चिमुकला पंख होता. बकुळानं दोन्ही हातांनी फट फाकवून धरली. धारदार कड तिच्या बोटाला लागली, पण तिनं हात काढला नाही. पंख सुटला आणि बोटभर उंचीची एक परी टुणकन तिच्या तळहातावर उभी राहिली. तिचा झगा कोवळ्या पानाचा होता आणि केसांत दवबिंदूंची इवलीशी माळ होती.

"मी कळकपरी, या बांबूंची परी," ती हळूच म्हणाली. "तुझं बोट कापलं माझ्यामुळे. तीन इच्छा माग. पण आधी नियम ऐक."

बकुळा आतुरतेनं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. "सांग ना लवकर."

"एका इच्छेला एकच वस्तू मिळेल, आणि ती सूर्य मावळेपर्यंतच टिकेल. ती वस्तू कुणाला तरी वापरायला द्यायची आणि गुपचूप बघायचं. 'आवडली का' असं विचारायचं नाही, कारण तुझं मन राखायला सगळे हो म्हणतील. दुसऱ्या दिवशी जे पाहिलंस ते मला खरंखरं सांगायचं. तेव्हाच पुढची इच्छा. आणि दव सुकलं की मी इथं नसते."

बकुळानं विचारही केला नाही. "मला बांबूचा कंदील दे, सात रंगांच्या काचांचा."

कंदील आला. लाल, जांभळे, केशरी कवडसे तिच्या हातांवर नाचू लागले. तिनं तो शेजारच्या पार्वताकाकूंना नेऊन दिला. "किती गोड आहे गं," काकू म्हणाल्या, त्यांनी तो खुंटीला अडकवला आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या. शाळेत जाताना बकुळानं पाहिलं, येताना पाहिलं, पाणी मागायच्या निमित्तानं पाहिलं. काकूंनी खुंटीकडे एकदाही बघितलं नव्हतं.

मंगळवारी परीला हे सांगताना खोटं सांगावं असं तिला एकदा वाटलं. पण ती म्हणाली, "छान म्हणाल्या. पण बघितला एकदाच."

"बरं झालं खरं सांगितलंस," परी म्हणाली. "आता?"

आता तिनं बांबूचं नक्षीदार दप्तर मागितलं. ते मधासारखं पिवळं होतं आणि त्याला पोपटी गोंडे होते. तिनं ते वर्गातल्या रझियाला दिलं. रझियानं दप्तर उजव्या खांद्यावर घेतलं, मग डाव्या, आणि शेवटी तक्रार न करता ते कडेवर घेऊन घरी गेली. मागून चालणाऱ्या बकुळाला तिच्या खांद्यावर लाल वळ दिसले.

आता एकच इच्छा उरली होती. बुधवारी बकुळा बेटाकडे अक्षरशः पळत सुटली. डोक्यात एकदम पाच वस्तू होत्या आणि त्यातली कुठली मागायची ते ठरत नव्हतं. दव सुकत चाललं होतं. तेवढ्यात वाटेत धप्पकन आवाज झाला. रोज फाट्यावर अंजीर विकायला जाणाऱ्या ठकूमावशी ठेच लागून पडल्या होत्या. निळी पाटी उलटली होती आणि जांभळी, गुबगुबीत अंजिरं सगळ्या वाटेवर घरंगळली होती.

बकुळानं उन्हाकडे पाहिलं. मग ती खाली बसली आणि एकेक अंजीर उचलू लागली.

"तू जा हो पोरी, तुला घाई दिसते," मावशी म्हणाल्या.

"असू दे, मावशी."

वेचताना तिच्या लक्षात आलं, की पुष्कळ अंजिरं पडल्यामुळे फुटलेली नव्हती. ती पाटीच्या तळाशीच चिकटून राहिली होती, वरच्यांच्या भारानं आधीच चेपलेली. रस साचून पाटीत चिखल झाला होता.

"असं रोज होतं, मावशी?"

"रोजच. वरची विकते, खालची घरी नेते. काय करणार?"

बकुळा बेटात पोचली तेव्हा पानं कोरडी होती आणि परी नव्हती. पण गंमत म्हणजे तिच्या डोक्यातल्या पाचही वस्तू गेल्या होत्या. तिथं आता एकच होती.

गुरुवारी दव असतानाच तिनं दप्तराचं खरंखरं सांगितलं आणि तिसरी इच्छा मागितली. "तीन मजली दुरडी. उथळ, हलकी, एकीवर एक बसणारी. वारा खेळेल अशी. प्रत्येक मजल्यावर अंजिरांचा एकच थर."

ठकूमावशींनी ती चंदेरी दुरडी भरून डोक्यावर घेतली. बकुळा फाट्यापर्यंत मागोमाग गेली. एकही अंजीर चेपलं नाही. पण मजले सुतळीनं बांधलेले होते आणि गाठ सोडताना मावशींची बोटं पुन्हापुन्हा घसरत होती. गिऱ्हाईक वाट बघून कंटाळलं आणि पुढं गेलं. बकुळानं दातांखाली ओठ दाबला आणि ती नुसती बघत राहिली.

शुक्रवारी परीनं सगळं ऐकून घेतलं. "आता माझ्याकडे इच्छा उरली नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे," बकुळा म्हणाली. "गाठीऐवजी बांबूची खिट्टी लावते. आई शिकवेल."

आईनं आधी ऐकलंच नाही. मग बकुळानं जमिनीवर कोळशानं चित्र काढलं, आणि आईचे हात नकळत कामट्यांकडे गेले. पहिली दुरडी जड झाली. दुसरीचा मधला मजला अडकून बसला. आई उसवत होती, बकुळा कामट्या पातळ करत होती, आणि दिवस कलला तेव्हा तिसरी दुरडी पुरी झाली. तिची खिट्टी एका बोटानं टक् करून उघडत होती.

शनिवारी मेळाव्यात बकुळाच्या पुढ्यात तेवढी एकच वस्तू होती. ठकूमावशी आल्या. त्यांनी खिट्टी उघडली, लावली, पुन्हा उघडली. अंजिरं भरून दुरडी डोक्यावर ठेवली आणि मैदानाला एक फेरी मारली. मग दुसरी मारली. प्रश्न बकुळाच्या अगदी ओठांवर आला होता, तरी तिनं 'आवडली का' असं विचारलं नाही. मावशींना दुरडी खाली ठेवायचं सुचतच नव्हतं. त्यांच्यासोबत आलेल्या तिघी बागवाल्या बायका बकुळाशेजारी बसलेल्या तिच्या आईकडे वळल्या. "आम्हाला अशा कधी करून देशील?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "मला दोन लागतील. टोमॅटोलाही चालेल ही."

घरी परतताना आई म्हणाली, "मामाला निरोप धाडते. आपण येत नाही म्हणून."

रविवारी बकुळा बेटात गेली तेव्हा परी तिची वाटच बघत होती.

"बुधवारी तू वेळेवर आली नाहीस," परी म्हणाली.

"मावशींची अंजिरं सांडली होती."

"मी शेंड्यावरून पाहत होते. माझ्याकडे धावत येणारी मुलं पुष्कळ असतात, बकुळा. वाटेत खाली बसणारी थोडी. म्हणून हे तुला, न मागता."

परीनं पंख पसरले. आधी हिरवा, मग सोनेरी, मग दुधासारखा शुभ्र उजेड झाला आणि त्या उजेडात ती विरघळून गेली. उजेडाचे थेंब टपटप मातीवर पडले. बांबूला कोंब फुटतात ते पावसाळ्यात. पण त्या सकाळी, भर कोरड्या दिवसांत, माती जागोजागी उकलली आणि शंभरएक तुकतुकीत कोंब डोकी वर काढून उभे राहिले.

बकुळा आईला बोलवायला घराकडे धावली.