महाराजांची एसएसडी आणि रखमाजीची पाठ

महाराजांची एसएसडी वारली!

चंदनगडच्या दरबारात ही वार्ता फुटताच चोपदारांनीही आवाज खाली आणला. एसएसडी म्हणजे संगणकातील मजकूर जपणारी तळहाताएवढी पट्टी. महाराज रणोजीराव त्या पट्टीवर रोज आपले आत्मचरित्र लिहीत, रोज पुसत आणि रोज पुन्हा लिहीत. कारण त्यांच्या एकुलत्या एक लढाईतील शत्रूंची संख्या दिवसेंदिवस वाढत असे. आत्मचरित्राची प्रत अन्यत्र जपलेली होती, त्यामुळे ग्रंथ वाचला. महाराजांचा मान मात्र वाचला नाही. राणीसाहेबांची पट्टी त्याच दुकानातली, त्याच दिवशी घेतलेली. तिची क्षमता तेवढी चौपट. राणीसाहेबही महाराजांइतकेच लिहीत आणि पुसत, कारण त्या आत्मचरित्राला उत्तर लिहीत होत्या. आणि त्यांची पट्टी ठणठणीत होती!

"जाडा आधी जातो, सडपातळ शंभरी गाठतो!" महाराज गरजले. "मग मोठी पट्टी आधी जायला हवी होती. छोटी गेली, याचा अर्थ एकच. सटवाजीने हयगय केली!"

सटवाजी हा महाराजांच्या संगणकाचा रखवालदार. अंगाने काडी, स्वभावाने त्याहून हलका. तो हात जोडून पुढे आला.

"सरकार, तिच्या आत बारीक बारीक खण असतात. पुसून लिहिलं की ते झिजतात..."

"असतात म्हणे! मला दिसले पाहिजेत! पट्टी उघडायची नाही, पोथी दाखवायची नाही. तिच्या पोटात काय घडले, ते उद्याच्या दरबारात माझ्या या डोळ्यांनी मला दिसले पाहिजे. नाहीतर तीस छड्या आणि हद्दपारी!"

सटवाजी धावला तो थेट मुदपाकखान्यात. तेथील आचारी रखमाजी त्याच्या बहिणीचा नवरा. रखमाजी आपल्या देहाविषयी कोणताही गैरसमज बाळगून नव्हता. तो म्हणे, "मी आत आलो की चुलीचा धूर आपणहून बाहेर जातो. दोघांना जागा नसते!"

"दाजी, वाचवा!" सटवाजीने पाय धरले.

"पाय सोड. ते मला दिसत नाहीत, म्हणून तू नेमकं काय धरलंयस तेही कळत नाही," रखमाजी म्हणाला. मग सगळी हकीकत ऐकून तो गंभीर झाला. "तू हद्दपार झालास तर तुझी बहीण मला उपाशी ठेवील. आणि उपास तेवढा माझ्या प्रकृतीला सोसत नाही! मोठी पट्टी टिकते का रे जास्त?"

"टिकते, दाजी. आतला कारभारी प्रत्येक वेळी कमी झिजलेला खण शोधतो. मोठीत खण जास्त, म्हणून एकेकाची पाळी उशिरा येते. पण हे दाखवू कसं?"

रखमाजीने ओठावरचे ताक पुसले आणि सटवाजीच्या पाठीकडे पाहिले. नंतर त्याने मोठ्या प्रयासाने मान वळवून स्वतःच्या पाठीकडे पाहण्याचा यत्न केला.

"इतकी वर्षं हिला पोसली," तो म्हणाला, "उद्या कामाला लावू!"

दुसऱ्या दिवशी दोघे मेहुणे उघड्या पाठीने दरबारात उभे राहिले. शेजारी हळदीच्या पाण्याचे घंगाळ, केळीच्या पानाचा देठ आणि भांडी घासण्याचा काथ्या.

"हे काय? लग्न आहे काय?" महाराजांनी विचारले.

"शिक्षा आहे, सरकार!" रखमाजी म्हणाला. "आपणच द्यायची. देठ हळदीत बुडवून दोघांना सारखेच फटके मारावेत. एक फटका म्हणजे आपलं एक पान. फटका नेहमी कोऱ्या जागी. कोरी जागा संपली, तर आधीचा डाग काथ्यानं पुसायचा आणि मग मारायचा!"

फटके मारण्याची संधी कोणता राजा सोडतो? महाराज सिंहासनावरून खाली उतरले. आळीपाळीने एक इकडे, एक तिकडे, असे देठ सपासप पडू लागले. थोड्याच वेळात सटवाजीची पाठ मानेपासून कमरेपर्यंत पिवळी झाली.

"जागा संपली!" महाराज म्हणाले. "काथ्या आणा!"

"आई गं!" सटवाजी किंचाळला. "सरकार, फटका परवडला, पुसणं नको!"

तिसऱ्यांदा पुसताच त्याच्या पाठीवर लाल चट्टे उमटले. रखमाजी मात्र तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा स्वस्थ होता. त्याच्या पाठीला अजून काथ्या लागलाच नव्हता.

"पाहिलंत, सरकार? मारणारा हात तोच, फटकेही तेवढेच. ही आपली पट्टी आणि ही राणीसाहेबांची! देवानं मला रूप दिलं नाही, कंबर दिली नाही. क्षमता मात्र सढळ हातानं दिली!"

चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेबांचे हसू ऐकू आले. महाराज चिडले.

"पण जाडा आधी जातो, त्याचे काय?"

"जातो ना, सरकार! पण जेवणानं जातो, मारानं नव्हे!"

दरबारात खसखस पिकली. महाराजांना हसू आवरेना, परंतु हट्टही सुटेना.

"ठीक आहे, सटवाजीला माफ केले. पण माझे आत्मचरित्र छोट्या पट्टीत नीट मावते. मग रिकाम्या जागेसाठी खर्च का करायचा? नवी पट्टीही छोटीच आणा! आणि रखमाजी, तुला हा शेला बक्षीस!"

महाराजांनी अंगावरचा शेला काढून स्वतः त्याच्या पाठीवर टाकला. शेल्याने जेमतेम एक खांदा झाकला. रखमाजीने तो दुसऱ्या खांद्याकडे ओढला, तर पहिला उघडा पडला. पुन्हा इकडे ओढला. शेला टरकन फाटला!

"फाडलास!" महाराज ओरडले.

"मी कुठे, सरकार?" रखमाजीने वाकता येईल तेवढे वाकून मुजरा केला. "शेला उत्तमच होता. त्याच्याकडून काम माझ्या पाठीएवढं घेतलं आणि आणला आपल्या मापाचा. बिचारा ओढाताणीत गेला! आता यात हयगय सटवाजीची, की खरेदी करणाऱ्याची?"

मग महाराज असे हसले, असे हसले, की मुकुट घरंगळून घंगाळात पडला.

"खरेदी करणाऱ्याची!" ते डोळे पुसत म्हणाले. "आणा, राणीसाहेबांच्या दुप्पट क्षमतेची पट्टी आणा! नाहीतरी आमचे शत्रू आता लाखाच्या घरात जाणारच आहेत. त्यांनाही जागा हवी! सटवाजीच्या पाठीला लोणी लावा. आणि रखमाजीला त्याच्या मापाचा भरजरी शेला द्या!"

शिंपी तत्काळ हजर झाला. त्याने रखमाजीच्या पाठीला फीत लावली, पुढे आला, पुन्हा मागे गेला, आणि हात जोडून म्हणाला, "सरकार, आधी मला मोठी फीत घेऊन द्या!"