गोजरने तेल कुठून आणलं

फार जुन्या काळी सातपुड्याच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात कुंभाराचं एकच घर होतं. घरात म्हातारा कुंभार, त्याचा मुलगा, गोजर नावाची सून आणि ठकू नावाची चिमुरडी नात. मुलगा माती आणायचा, तुडवायचा, भाजायची भट्टी लावायचा. पण मोठा रांजण घडवावा तो म्हाताऱ्यानेच. आसपासच्या गावांतून लोक त्याच्या रांजणांसाठी यायचे आणि त्या रांजणांच्या बदल्यात मिळालेल्या धान्यावर घर वर्षभर जेवायचं.

थंडी पडली की मात्र पंचाईत व्हायची. दिवसभर गार मातीत हात घालून म्हाताऱ्याची बोटं आखडायची. सकाळी मूठ मिटता मिटायची नाही. मग गोजर तिळाच्या तेलात रोशाच्या तेलाचे थेंब घालायची आणि चुलीजवळ बसून त्याचं एकेक बोट चोळून द्यायची. रोशा म्हणजे डोंगराच्या उतारावर वाढणारं उंच, सुवासिक गवत. ते पाण्यात घालून उकळलं की वाफेबरोबर त्याचं तेल सुटतं. नदीपलीकडे एक म्हातारा ते काढायचा. गोजर लग्न होऊन आली तेव्हापासून घरात त्याचंच तेल होतं, त्यामुळे तेल कुठून आणायचं याचा विचार तिला कधी करावाच लागला नव्हता.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी तो नदीपलीकडचा म्हातारा वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याची भट्टी विझली ती विझलीच.

गोजर पेठेत गेली. तिथे अत्तरं विकणाऱ्या गंध्याचं दुकान होतं. त्याने चांदीच्या बुचाची कुपी उघडून तिच्या हातावर थेंब टेकवला. वास अस्सल होता, पण किंमत ऐकून गोजरने हात पदराला पुसला. एवढ्या किमतीत घरात दोन्ही वेळची चूल कितीतरी दिवस पेटली असती. गंधी भला माणूस होता. तो म्हणाला, हे तेल लांबून येतं, वाटेत दहा हात बदलतं, मी तरी काय करू. गोजर रिकाम्या हाताने परतली.

आणि थंडी तर सुरू झाली होती.

अशा वेळी गावात एक तेलवाला आला. घोड्यावर रंगीत झूल, झुलीच्या दोन्ही बाजूंना बाटल्यांच्या पेट्या, आणि बोलणं तर असं गोड की बायका हातातली कामं टाकून ऐकत उभ्या राहिल्या. त्याच्याकडे रोशाचं तेल होतं आणि तेही गोजरला परवडेल अशा भावात. गुडघेदुखी, डोकेदुखी, खोकला, खरूज, झोप न येणं, भूक न लागणं, सगळ्याला एकच बाटली. गोजरने वास घेतला. वास रोशाचाच होता, जरा जास्तच उग्र, पण तिने मनाची समजूत घातली की ताजं असेल. तिने एक बाटली घेतली. गोजरने घेतली म्हटल्यावर शेजारच्या बायजानेही घेतली. गावातल्या बायका गोजरला मानायच्या. कुणाचं लेकरू आजारी पडलं, कुणाला अवघडल्यासारखं झालं, की आधी गोजरला विचारायच्या.

त्याच संध्याकाळी तिने सासऱ्याची बोटं चोळली. थोड्या वेळाने म्हातारा म्हणाला, हात गरम वाटतोय. मग म्हणाला, भाजतोय. गोजरने पाण्याने त्याचे हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले, पण तोवर कातडी लाल झाली होती. सकाळी बोटांवर फोड उठलेले होते. घरात चाक थांबलं. रांजण न्यायला आलेल्या माणसांना मुलाने हात जोडून परत पाठवलं.

गोजरच्या मनाला एकच गोष्ट टोचत राहिली. ठकूला खोकला झाला होता, आणि गोजर तेच तेल तिच्या छातीला चोळणार होती. पोर लवकर झोपली म्हणून राहून गेलं, एवढंच.

म्हातारा तिला एका शब्दाने बोलला नाही. उलट फोड आलेले हात मांडीवर घेऊन म्हणाला, "सूनबाई, तू माझ्यासाठीच आणलंस ना? मग तोंड का लपवतेस?" ते ऐकून गोजरला आणखीच रडू आलं. बायजाला जाऊन सांगावं असं तिला वाटत होतं, पण पाय उचलेना. जिला सगळ्या गावाने विचारायचं तीच फसली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने ती बाटली उकिरड्यात ओतली आणि गप्प राहिली.

पुढे तिला एका गुराख्याकडून कळलं की वर डोंगरात, ओढ्याच्या काठी, सकवार नावाची बाई अजून रोशाची भट्टी लावते. गोजर भाकरी बांधून निघाली. वाट चढणीची होती. दुपार कलताना तिला झाडांमधून धूर दिसला आणि मागोमाग वास आला.

ओढ्याकाठी दगडांच्या चुलाणावर मोठी लोखंडी कढई होती. तिचं झाकण कणकेने लिंपलेलं. झाकणातून बांबूची नळी निघून ओढ्याच्या गार पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या हंड्यात गेली होती. वाफ तिथे थंड व्हायची आणि तेल पाण्यावर तरंगायचं. सकवार पन्नाशीची, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी. तिने गोजरला पाणी दिलं आणि हवं ते बघ म्हणाली. झाकून ठेवण्यासारखं तिथे काही नव्हतंच. गवत, पाणी आणि आग.

गोजरने सासऱ्याच्या बोटांचं सांगितलं आणि तेल मागितलं. बाजूलाच तेलाने भरलेली लोटी होती.

"हे नाही देता येणार," सकवार म्हणाली. "काल कढईतलं पाणी आटलं आणि तळचं गवत करपलं. गोठ्यात माशा हाकलायला हे तेल चालेल. माणसाच्या अंगाला नको."

गोजरने वास घेतला. तिला करपल्याचा वास कळला नाही. तिला ते चांगलंच वाटलं. ती म्हणाली, एवढी चढण चढून आले, थोडं तरी द्या. सकवारने मान हलवली. वर म्हणाली की फोड आले असतील तर सध्या चांगलं तेलही लावू नकोस, कातडी भरून येईपर्यंत नुसतं खोबरेल लाव. गोजरने ठकूच्या खोकल्याचंही विचारलं. त्यावर सकवारने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं.

"लहान लेकराला हे लावूच नये. खोकला हटत नसेल तर वैद्याकडे ने. माझ्या तेलाने तो जाणार नाही."

नवं तेल कधी मिळेल, असं गोजरने विचारलं तेव्हा सकवार म्हणाली की उतारावर गवत उभं आहे, पण कापायला माणसं नाहीत. कापणाऱ्यांना मजुरी द्यायची तर तेल महाग होतं, आणि महाग तेल इथे कोण घेणार? म्हणून एकटीने जमेल तेवढंच ती काढते.

गोजर उतरणीला लागली ती रागातच. एवढे पाय दुखवले आणि पदरात काय, तर नुसता उपदेश. लोटीभर तेल समोर होतं आणि बाई देत नाही म्हणजे काय! अर्ध्या वाटेवर ती दगडावर बसून भाकरी सोडायला लागली आणि हात तसाच थांबला. मला तर करपल्याचा वास कळलाच नव्हता, तिच्या मनात आलं. तिने ते तेल मला विकलं असतं तर मी आनंदाने घेऊन आले असते, आणि मला जन्मात कळलं नसतं. तरी तिने दिलं नाही. मग गोजरने सावकाश भाकरी खाल्ली. घरी पोचेपर्यंत तिचा राग गेला होता.

दुसऱ्याच दिवशी तिने ठकूला वैद्याकडे नेलं. वैद्याने काढा दिला आणि पोर आठवडाभरात खेळायला लागली. म्हाताऱ्याचे फोडही खोबरेलाने बसत आले. पण बोटं आखडलेलीच होती, आणि चाक अजून थांबलेलंच होतं.

तेवढ्यात तेलवाला पुन्हा आला. या वेळी तो थेट गोजरच्या अंगणात उतरला. रांजण न्यायला आलेल्या परगावच्या माणसांकडून त्याने फोडांचं ऐकलं होतं. म्हाताऱ्यांची कातडी नाजूक असते, तेलाचा दोष नाही, असं त्याने सांगून टाकलं. मग आवाज उतरवून मुद्द्यावर आला.

"वहिनी, गावात तुमचा शब्द चालतो. तुम्ही फक्त बायकांना सांगा की तेल चांगलं आहे. त्या घरोघर बाटल्या घेतील आणि तुमच्या घरचं तेल माझ्याकडून कायमचं फुकट. तुमच्यासाठी मी वेगळी, खास बाटली आणेन."

गोजरने पाहिलं, ओसरीवर सासरा बसला होता. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने उलगडायचा प्रयत्न करत होता. खास बाटली. ती कदाचित खरोखरच चांगली असेल. गंध्याकडचं परवडत नाही, सकवारकडे तेल नाही, आणि थंडी अजून बरीच उरली होती. तिला क्षणभर वाटलं, आपल्या माणसाला चांगलं मिळतंय ना, मग बाकीच्यांनी आपापलं बघावं.

मग तिला सकवारचं बोलणं आठवलं आणि तिने विचारलं, "हे तेल कुणी लावू नये?"

तेलवाला हसला. "असं कसं, वहिनी? सगळ्यांनी लावावं. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत."

"यात काय काय आहे?"

"सगळं चांगलंच आहे. मी काढत नाही, मी विकतो. पेटी बंद येते, बंद जाते."

गोजरला उत्तर मिळालं होतं. तिने त्याला शांतपणे सांगितलं की मला तुझी खास बाटली नको, आणि माझा शब्दही तुला मिळणार नाही. तो कुरकुरत घोड्यावर बसला आणि गावाच्या मधल्या चौकाकडे गेला. गोजर त्याच्या मागोमाग निघाली. बायका जमत होत्या. तिने सगळ्यांसमोर सासऱ्याच्या हातांचं काय झालं ते सांगितलं. मी वास घेऊन फसले, मी स्वतः चोळलं, तुम्ही फसू नका, असं ती म्हणाली.

बायजा मागे उभी होती. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं. ती पुढे आली.

"माझी बाटली घरात आहे. थंडी वाढली की याला लावणार होते. तू आधी का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली," गोजर म्हणाली. "तुझ्या दारापर्यंत येऊन मी दोनदा परत फिरले. चुकलंच माझं."

बायजा घरी गेली, बाटली घेऊन आली आणि तेलवाल्याच्या हातात ठेवून तिथेच उभी राहिली. बाकीच्या बायकाही हलल्या नाहीत. तेलवाल्याने निमूटपणे पैसे परत केले आणि घोडा वळवला. पुन्हा तो त्या वाटेने आला नाही.

पण तेलाचं काय? तेल तर सगळ्यांनाच हवं होतं. प्रत्येकीच्या घरात कुणाचा ना कुणाचा गुडघा, कंबर, खांदा थंडीत अडायचाच. गोजरने त्यांना सकवारच्या भट्टीचं सांगितलं आणि म्हणाली, गवत उभं आहे, हात आपले आहेत. आपण कापून दिलं तर तेल महाग का पडावं?

बायका विळे घेऊन डोंगरात गेल्या. बायजाही गेली, गोजरशी फारसं न बोलता, पण गेली. सकवार आधी बिचकली. मग म्हणाली, कापणी तुमची, भट्टी माझी, निघेल ते तेल अर्धं अर्धं. दिवसभर कापणी झाली. बायका रात्री तिथेच राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कढई चढली. करपू नये म्हणून बायका आळीपाळीने आगीकडे बघत बसल्या, आणि आपल्या घरी जाणारं तेल थेंबाथेंबाने कसं येतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. उन्हं उतरताना सकवारने हंड्यातल्या पाण्यावरची पिवळसर साय अलगद काढली. बायजाने गोजरसमोर कुपी धरली आणि म्हणाली, आधी तुझ्या सासऱ्यासाठी भर.

म्हाताऱ्याची बोटं पहिल्यासारखी झाली नाहीत. मोठा रांजण त्या हिवाळ्यात त्याला एकट्याला पेलला नाही. पण सकाळी मूठ मिटायला लागली. तो मुलाच्या हातावर आपला हात ठेवून त्याला चाकावरच्या मातीतून रांजणाचा गळा कसा वर उचलायचा ते शिकवू लागला, आणि चाक पुन्हा फिरू लागलं.

पुढच्या वर्षी कापणीला शेजारच्या गावच्याही बायका आल्या. त्यातल्या एका म्हातारीने गोजरच्या हातातली कुपी उन्हात धरून पाहिली आणि विचारलं, "याने माझे गुडघे बरे होतील का गं?"

"थंडीत जरा मोकळे होतील, आजी," गोजर म्हणाली. "बरे होतील असं मी सांगणार नाही. आणि घरात लहान लेकरू असेल तर कुपी उंचावर ठेवा."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि आपली रिकामी कुपी पुढे केली.

मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य लक्षात ठेवा: घरच्यांसाठी औषधी वस्तू घ्यायची तर ती आपल्यासमोर उघडपणे करणाऱ्याकडून, आणि ती कुठे उपयोगी नाही हेही आपणहून सांगणाऱ्याकडून घ्यावी, आणि असा माणूस सापडला की त्याच्या कामाला चार हात लावावेत, म्हणजे चांगली वस्तू सगळ्यांनाच परवडते.