भैरूची टकटकणारी मोटार

घाटाच्या पायथ्याशी एका बाजाराच्या गावी भैरू लोहार नावाचा एक मेकॅनिक राहत असे. हात सोन्याचा. स्वभाव मात्र असा, की दाराला कडी लावली तरी तीनदा ओढून बघणार.

त्याच्याकडे एक जुनी, लांबलचक परदेशी मोटार होती. कुण्या संस्थानिकाची म्हणे. वरातीला भाड्याने जायची. तिच्यावर भैरूचा जीव होता. आणि जिच्यावर जीव असतो, तिची खोड माणसाला जास्तच टोचते.

मोटारीची खोड एवढीच, की सकाळी सुरू केली की ती टकटक करायची. रात्रभर उभी राहिली की इंजिनातलं तेल खाली उतरायचं. तेल परत वर चढलं की आवाज आपोआप बंद. भैरूला हे चांगलं ठाऊक होतं. त्याच्या उस्तादाने त्याला शिकवलंच होतं. "हे बघ, व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाची दारं. रॉकर ती दारं दाबून उघडतो. रॉकरखाली ही काडी, काडीखाली हा लिफ्टर. लिफ्टरच्या पोटात तेल भरतं आणि उरलेली फट तो स्वतःच भरून काढतो. रॉकरचा नट इतकाच आवळायचा, की काडी खालीवर हलायची थांबेल. मग अर्धा फेरा आणखी. मग पाना खाली ठेवायचा. पुढचं काम तुझं नाही, तेलाचं."

भैरूने सगळं पाठ केलं होतं. फक्त पाना खाली ठेवणं तेवढं जमलं नव्हतं.

त्याला लहानाचं मोठं केलं ते त्याच्या तानूआत्याने. ती त्याच्याजवळच राहायची. तिची थोरली बहीण साळूआक्का घाटावरच्या गावात. एके दिवशी साळूआक्काचा फोन आला. "तानू, एक डोळा गेलाच. दुसऱ्याचंबी डाक्टर म्हणतोय, काय खरं न्हाई. दिसतंय तवर तोंड दाखवून जा गं."

तानूआत्याला एसटीची पायरी चढवत नव्हती. ती म्हणाली, "भैरू, उद्या मला जीपमध्ये बसवून दे."

"जीपनं? तुझी हाडं खिळखिळी होतील! दारात एवढी गाडी असताना तू जीपनं जाणार? मी नेतो की."

आत्या हरखली. रात्रीच तिने शेंगापोळ्या केल्या, साळूआक्काला आवडतात तशा कडक. सकाळी इरकली लुगडं नेसून, डबा मांडीवर घेऊन, मागच्या सीटवर जाऊन बसली. भैरूने मोटार सुरू केली.

टक टक टक टक.

भैरूने मान तिरकी केली. मग खाली उतरला. मग बॉनेट उघडलं.

"आरं, निघायचं न्हवं?"

"आवाज येतोय आत्या."

"रोजच येतोय की. वाईच थांब, जाईल."

"घाट चढायचाय. तुला घेऊन चढायचाय. मधे काही झालं म्हणजे?"

काळजीच्या माणसाशी वाद घालता येत नाही, कारण तो आपल्याच भल्याचं बोलत असतो. भैरूने इंजिनावरचं झाकण काढलं आणि ज्या रॉकरवर संशय होता त्याचा नट पाव फेरा आवळला. तोवर ऊन वर आलं. उन्हात घाट नको, म्हणून जाणं राहिलं. शेंगापोळ्या भैरूच्याच ताटात पडल्या.

पुढच्या खेपेला दुसऱ्या रॉकरवर संशय आला. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यावर. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. आत्या लुगडं नेसायची, बसायची, उतरायची, घडी घालून ठेवायची. भैरूला शेंगापोळ्यांचा कंटाळा आला, पण रॉकरचा आला नाही.

साळूआक्का फोन करायची. "तानू, कवा येतीस?"

"येते गं, भैरूची गाडी नीट झाली की."

"हा मागं टकटक आवाज कसला?"

"तीच गाडी. आमचा भैरू तिला गप करतोय."

"लई दिस झालं की करतोय."

"तू तर तिकडनं ऐकतीस. मी हितं उशाला घेऊन निजते."

एकदा आत्याने निकरावर येऊन म्हटलं, "बाबा रे, मी जीपनं जाते." भैरूचं तोंड एवढंसं झालं. "माझ्यावर विश्वास नाही तुझा?" ज्याला न्हाऊमाखू घातलं, त्याचं तोंड एवढंसं झालेलं बघवत नाही. आत्या पुन्हा थांबली. चूक तिचीही म्हणायची का? कोण जाणे. पण महिना गेला तो गेलाच.

शेवटी एका सकाळी भैरू नाचतच घरात आला. "आत्या, ऐक!"

आत्याने कान दिला. "काय ऐकू? कायच ऐकू येत न्हाई."

"तेच तर!"

मोटार सुरू होती आणि एकही टक नव्हती. चाल जरा अडखळती होती, पण भैरूचं सगळं लक्ष टकटकीकडे होतं. ती नाही म्हटल्यावर बाकीचं त्याला दिसलंच नाही. आत्याने घाईघाईने लुगडं नेसलं, डबा घेतला आणि ते निघाले.

घाटाच्या पहिल्याच मोठ्या वळणावर मोटार ठसकली. मग खोकली. मग धापा टाकत बंदच पडली. पुन्हा सुरू होईना.

भैरूने बॉनेट उघडलं. इंजिन निवेपर्यंत वाट पाहिली. मग झाकण काढून त्याने एकेक नट चाचपला, तर सगळे कच्च आवळलेले. इतके दिवस तो पाव पाव फेरा देत राहिला होता. लिफ्टर खाली तळाला टेकले होते. त्यांना हलायला जागाच उरली नव्हती. म्हणजे दारं अर्धवट उघडी ती उघडीच. मोटार गप्प झाली होती खरी, पण तिचा श्वास कोंडला होता.

आत्या रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती. "काय झालं?"

"जास्त आवळलं गेलं."

"कुणी?"

भैरूने हातातला पाना पाठीमागे लपवला.

"सांग की! उस्तादानं सांगितलं अर्धा फेरा. मी अडाणी बाई, माझ्याबी ध्यानात राहिलं, इतक्यांदा तू बडबडलास. मग तू का न्हाई ऐकलंस?"

"भीती वाटत होती आत्या. तुला काही होईल म्हणून."

"मला काय व्हायचंय? मी बसून बसून म्हातारी झाले, दुसरं काय झालं?"

मग भैरू कामाला लागला. इंजिन हाताने फिरवायचं, ज्याची पाळी येईल तो नट सैल करायचा, काडी हलते का बघायची, हलायची थांबली की अर्धा फेरा, की पुढचा. सगळे सोळा नट होईपर्यंत ऊन कलंडलं. त्याने किल्ली फिरवली. मोटार झटक्यात सुरू झाली.

टक टक टक टक.

भैरूचा हात आपसूक पान्याकडे गेला. पाना तिथे नव्हता. आत्याने तो उचलून मागच्या सीटवर ठेवला होता आणि ती स्वतः त्याच्यावर बसली होती.

"आत्या, फक्त एकदा..."

"मला उठीवलंस तर बघ! चल म्हणते ना!"

भैरूने तिच्याकडे पाहिलं. मग बॉनेट बंद केलं, कपाळाचा घाम पुसला आणि मोटार घाटाला लावली. दोन वळणांत टकटक थांबली. पण त्या दोन वळणांत त्याचा जीव कसा मुठीत होता, ते त्याचं त्यालाच माहीत.

घाट चढून गावात पोचेतो तेल तापून इतकं पातळ झालं होतं, की लिफ्टरच्या पोटात ठरेना, आणि म्हातारी मोटार पुन्हा टकटकायला लागली होती. साळूआक्काच्या अंगणाशी ती थांबली. ओट्यावर बसलेली साळूआक्का तिथूनच ओरडली, "आली! माझी तानू आली!"

तानूआत्या धडपडत उतरली. "वळखलंस मला?"

साळूआक्का हसत होती, पण तिची नजर तानूच्या खांद्यापलीकडे कुठेतरी होती. "तुला कुठनं वळखणार? तुझ्या गाडीला वळखलं. महिनाभर फोनमध्ये ऐकतेय की." मग तिने हात पुढे करून बहिणीचा चेहरा चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी. "मागल्या बाजारापतूर वाईच दिसत हुतं गं. आता नुसता उजेड."

तानूआत्या शेंगापोळीचा डबा धरून तशीच उभी राहिली. तिने भैरूकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं भैरूला वाटलं.

तो मोटार बंद करायला वळला.

"राहू दे रं जरा," साळूआक्का म्हणाली. "बरं वाटतंय. कोणतरी आलंय असं वाटतंय."

तात्पर्य: काळजीपोटी माणूस जे पुरेशाहून जास्त आवळतो, ते त्याच्याच हातून बिघडतं. काम पुरेसं झालं की पाना खाली ठेवावा आणि निघावं. वाट बघणाऱ्याला आपली टकटक चालते, आपला उशीर चालत नाही.